विचारून चालणारी बेरिल

बेरिल ट्रँटर आमची शेजारीण. सकाळी मी दुधाची बाटली आत घ्यायला दार उघडतो तर ही फाटकाबाहेर उभी. आमचं फाटक मोडलेलं आहे, बंदच होत नाही, कोणीही सरळ आत यावं. तरी बाई बाहेरच.

"डिगी, आत येऊ का?"

"अगं ये की! रोज काय विचारतेस?"

त्यावर ती माझ्याकडे असं बघते की जणू मीच काहीतरी असभ्य बोललो.

माझं आडनाव दिघे. इंग्लंडमधल्या या स्टोक विदी गावाने त्याचं डिगी करून टाकलं, त्यालाही आता जमाना झाला. मी इथे बस चालवायचो, गावातून बाजारपेठेत आणि बाजारपेठेतून गावात. उभा जन्म बसून काढला, तेव्हा पायी चालणं हा काही माझा प्रांत नाही. बेरिलचा मात्र तोच. आज ऐंशीच्या घरात आहे, पण चढावर तिच्याबरोबर चालायचं म्हणजे तिची पाठ बघत चालायचं.

शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढण्यात तिचं आयुष्य गेलं. तिच्या हातचं कस्टर्ड ताटात टाकून उठलेलं पोर या गावात जन्मलं नाही. आता तीच पोरं ट्रॅक्टर चालवतात, टकली झाली, पण रस्त्यात बेरिल दिसली की अजून पाठ ताठ करतात. लग्न केलं नाही. मी एकदा आगाऊपणा करून कारण विचारलं, तर म्हणाली, "एकाने मागणी घातली होती. पण त्याने आधी माझ्या आईला विचारलं, मला नंतर. क्रम चुकला."

दर मंगळवारी ती गावातल्या आठ-दहा जणांना घेऊन नदीकाठाने रानात फिरायला नेते. कोटाच्या एका खिशात सँडविच, दुसऱ्यात झाडं छाटायची कात्री. वाटेवर काटेरी वेल आडवी आली की कच्चकन कापायची. फाटक उघडं सापडलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं सापडलं तर लावायचं, आणि जो विसरेल त्याचा उद्धार सगळ्यांसमोर व्हायचा. नकाशावरची वाट शेतातून जात असेल आणि शेतकऱ्याने ती नांगरून गहू पेरला असेल, तर बेरिल गव्हातून सरळ चालत जाणार. शहरातून आलेली सभ्य माणसं बिचारी बांधाबांधाने जातात. त्यांना ती ओरडते, "कडेने गेलात तर वाटही कडेला जाते, आणि मग एक दिवस जातेच!"

म्हणजे हक्काच्या वाटेवर ती कोणालाच भीत नाही. घोळ होता तो एका वाटेचा, कारण ती नकाशावर नव्हती.

चर्चमागून निघायचं, विंडल नदीच्या काठाने वेनेबल्सांच्या रानात शिरायचं, बीच नावाच्या उंच झाडांखालून, रानलसणाच्या वासातून अर्धा तास चालायचं की बंधारा लागतो. बंधाऱ्यावर एकच घर आहे आणि त्यात बेरिलची थोरली बहीण मॅव्हिस राहते. तिचा नवरा टेड बंधाऱ्याची दारं सांभाळायचा. तो गेला, पाठोपाठ मॅव्हिसचे गुडघे गेले, मग डोळे अधू झाले, पण बाई तिथून हलायला तयार नाही. बेरिल मंगळवारी आणि शुक्रवारी जायची. सूप करून ठेवायची, केस धुऊन द्यायची, पेपरातल्या मयतांच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायची. मॅव्हिसला त्यातच सगळ्यात जास्त रस. "हा पण गेला? बरं झालं, फार बोलायचा!"

रस्त्याने जायचं तर तेच घर नऊ मैलांवर. रस्ता पलीकडच्या काठाने जातो, पूल पार वरच्या अंगाला आहे, आणि रस्ता दोन्ही बाजूंनी झुडपांनी आवळलेला. समोरून लॉरी आली की माणसाने झुडपातच घुसावं. पूर्वी त्या बाजूला माझी बस जायची. मी निवृत्त झालो आणि माझ्यामागोमाग बसही निवृत्त झाली. पुढे माझ्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा मी गाडीचं लायसन्सही परत केलं.

अशात म्हातारे ऑब्री वेनेबल्स वारले आणि त्यांच्या पुतण्यांनी रान विकलं. घेतलं लंडनच्या मार्कस हॉलिसने. महिन्याभरात चर्चमागे वाटेच्या तोंडाशी नवंकोरं लोखंडी फाटक, त्याला कुलूप आणि पाटी: खासगी रान, वाट नाही.

हॉलिसला राक्षस म्हणायची गावात चढाओढ लागली. मला तो तसा वाटला नाही. त्याची भीती एवढीच की कोणाचं तरी पोर बंधाऱ्यात पडेल आणि लोक याला कोर्टात खेचतील. भित्रा माणूस, दुसरं काही नाही. पण भित्र्या माणसाने लावलेलं कुलूपही कुलूपच असतं.

मॅव्हिसचा मुलगा कॉलिन बर्मिंगहॅमहून आला. तोही वाईट नाही. बेरिलच्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, तू आठवड्यातून दोनदा जायचीस म्हणून आईला तिथे ठेवली होती. आता पंधरा दिवसांतून एकदा कोणी गाडीने सोडलं तर तू जाणार. मधे ती पडली तर? मी शहरातल्या वृद्धाश्रमात नाव घातलंय. वाट उघडली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात मी तिला घेऊन जातो."

तो गेल्यावर बेरिलने टेबल पुसलं, परत पुसलं, मग मला म्हणाली, "शहरात तिला नदीचा आवाज येणार नाही, डिगी. तिला आता दिसत नाही फारसं. आवाजावरच तर आहे ती." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि काय करावं कळेना, म्हणून मी चहा टाकला.

लढाईचं सेनापतिपद हम्फ्री प्रॉसरकडे आलं. हा शाळेतला निवृत्त भूगोलाचा मास्तर. चार पुस्तिका वाचून वकील झालेला. पण त्याने कायदा बरोबर समजून घेतला होता. आमच्याकडे नियम असा की एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं बिनदिक्कत चालत असतील, तर ती वाट लोकांची होते. फक्त तीन अटी. कुंपण तोडून गेलेले नसावेत, चोरून गेलेले नसावेत, आणि मालकाची परवानगी घेऊन गेलेले नसावेत. मालकाने "या" म्हटलं की तो त्याचा मोठेपणा झाला, तुमचा हक्क संपला. सरकार चौकशीला अधिकारी पाठवणार, गावच्या हॉलमध्ये साक्षी होणार, आणि पहिली मोठी साक्ष अर्थातच बेरिलची.

आठवडाभर आधी हम्फ्री तिची तालीम घ्यायला आला. मी तिथेच होतो, बिस्किटं खात.

"समोरचा वकील विचारेल, रानातून जायला तुम्ही कधी परवानगी मागितली होती का?" हम्फ्रीने घसा साफ केला. "आणि तू म्हणणार?"

"हो," बेरिल म्हणाली.

हम्फ्री हसला. "नाही गं. 'नाही' म्हणायचं."

"पण मी मागितली होती ना. दर जानेवारीत. फ्रूटकेक घेऊन जायचे वेनेबल्सांकडे आणि म्हणायचे, साहेब, यंदाही आम्ही गावातली मंडळी तुमच्या रानातून जाऊ ना?"

मी बिस्किट खाली ठेवलं. हम्फ्रीचा चेहरा पांढराफटक पडला.

"दर जानेवारीत?"

"मग काय! दुसऱ्याच्या जागेतून जायचं आणि विचारायचं नाही? आईने हे नाही शिकवलं आम्हाला."

"आणि 'आम्ही' म्हणालीस? गावातली मंडळी?"

"एकटीसाठी विचारायला मी काय स्वार्थी आहे?"

"अगं बाई," हम्फ्री डोकं धरून बसला, "एकटीसाठी विचारलं असतंस तर एकटी बुडाली असतीस. तू केक देऊन अख्खं गाव बुडवलंस!"

मग हम्फ्री खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "हे बघ. म्हातारा गेला. त्याची स्वयंपाकीणही गेली. हे माहीत असलेलं आता कोण आहे?"

"मी आहे," बेरिल म्हणाली.

"बेरिल, मॅव्हिसचा विचार कर."

ती त्याच्यावर अशी भडकली की टेबलावरची किटली हलली. "मॅव्हिसचा विचार मी करत नाही असं म्हणायचंय तुला? माझ्या घरात बसून? ऊठ, हम्फ्री. आणि जाताना फाटक लावून जा."

तो गेल्यावर मी तिला समजावायला गेलो. म्हटलं, एक 'नाही' म्हणायचं आहे, देवसुद्धा दुसरीकडे बघेल. ती म्हणाली, "मी पोरांना आयुष्यभर विचारलं, मटार खाल्लेस की खिशात भरलेस? आणि खरं सांगायला लावलं. आता त्याच पोरांसमोर उभी राहून मी खोटं बोलू?" मी उठून घरी आलो. तिचा राग आला होता मला, खरं सांगतो. तत्त्व तिचं आणि घर जायचं बहिणीचं, असंही मनात आलं.

चौकशीच्या दिवशी हॉल गच्च भरला. हीटरमधून जळक्या धुळीचा वास येत होता आणि मागे बायकांनी चहाचं मोठं भांडं लावलं होतं. अधिकारी म्हणून आलेल्या मिसेस ओकडेन या लहान चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांच्या बुटांना ओला चिखल होता, म्हणजे सकाळीच वाट चालून आल्या होत्या. हॉलिस पहिल्या रांगेत, त्याच्या जॅकेटला अजून दुकानातली घडी होती. शेजारी त्याचा वकील, तरुण, गोड बोलणारा. असल्यांची मला जास्त भीती वाटते.

एकेक जण साक्ष देत गेला. वकील प्रत्येकाला तेच विचारायचा, परवानगी मागितली होती का? प्रत्येकजण सांगायचा, नाही, कशाला मागू? ते खरंही होतं. त्यांच्या वतीने मागणारी वेगळीच होती, आणि ती तिसऱ्या रांगेत हातमोजे मांडीवर ठेवून बसली होती.

मग तिचं नाव पुकारलं.

"मिस ट्रँटर, तुम्ही कधी मालकांची परवानगी मागितली होती?"

"हो. दर वर्षी. सगळ्या गावासाठी. केक घेऊन."

हॉलमध्ये कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. हम्फ्रीने डोळे मिटले. कॉलिन दाराशी उभा होता, त्याने मान खाली घातली. वकिलाला एवढ्या सहज घबाड मिळेल असं वाटलं नसावं, तो क्षणभर गांगरलाच.

"आणि मिस्टर वेनेबल्सनी परवानगी दिली."

"त्यांनी केक घेतला," बेरिल म्हणाली.

"म्हणजे संमती दिली."

"मी म्हटलं, केक घेतला."

मिसेस ओकडेननी पेन खाली ठेवलं. "मिस ट्रँटर, तुम्ही विचारल्यावर ते काय म्हणायचे? त्यांच्याच शब्दांत सांगा."

"ते नको, बाईसाहेब. गेलेला माणूस आहे."

"तरी सांगावं लागेल."

"फार वाईट बोलायचे. मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माणूस चांगला होता, पण वळण नव्हतं."

"मिस ट्रँटर."

बेरिलने हातमोजे घट्ट धरले आणि समोरच्या भिंतीकडे बघत, शाळेत कविता म्हणतात तशी, म्हणून टाकलं: "ते म्हणायचे, 'आलीस का पुन्हा, बावळट बाई! मला काय विचारतेस? रान माझ्या बापाचं आहे, वाट काय माझ्या बापाची आहे? वाट गावाची. माझ्या आजालाही कोणी विचारलं नाही. मी कोण हो म्हणणार आणि नाही म्हणणार? केक ठेव आणि चालती हो!'"

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग हम्फ्रीने डोळे उघडले.

"दर वर्षी हेच म्हणायचे?" मिसेस ओकडेननी विचारलं.

"दर वर्षी. एकदाही नीट 'हो' म्हणाले नाहीत. मी इतका चांगला केक न्यायचे, ब्रँडी घातलेला. एक 'हो' म्हणायला काय जात होतं? मला फार लागायचं ते. पण विचारणं माझं काम, म्हणून मी जात राहिले."

"म्हणजे परवानगी त्यांनी कधीच दिली नाही."

"नाही ना! तेच तर सांगतेय!"

हॉलमध्ये असा हशा उसळला की चहाच्या भांड्याचं झाकण वाजलं. मटार खिशात भरणारी ती टकली पोरं टाळ्या पिटत होती. बेरिल लाल झाली होती. तिला वाटलं, लोक तिच्या अपमानाला हसताहेत. मिसेस ओकडेन मात्र भराभर लिहीत होत्या. मालक स्वतःच्या तोंडाने वाट गावाची म्हणतो, आणि तेही वर्षानुवर्षं, याहून मोठा पुरावा कुठे मिळायचा? वकिलाने दोन-तीनदा घुमवून विचारून पाहिलं, केक घेणं म्हणजेच संमती नव्हे का वगैरे. शेवटी हॉलिसनेच त्याची बाही ओढून त्याला बसवलं. तेव्हापासून मला तो माणूस बरा वाटू लागला.

निकाल यायला वसंत उजाडला. वाट गावाची ठरली. हम्फ्रीने झेंडे, बँड, मंगळवारची सगळी मंडळी अशी मिरवणूक आखली होती. बेरिलने साफ सांगितलं, मिरवणूक नंतर काढा, आज मला बहिणीकडे जायचंय. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डिगी, येशील का? सूपचं भांडं जड आहे."

गेलो. अर्ध्या तासाची वाट मला तासभर पुरली. ब्लूबेल फुलले होते, सगळं रान खालून निळं झालं होतं. बेरिलने मधे थांबून वाट बंद असताना माजलेल्या काट्यांची दोन ठिकाणी कत्तल केली आणि मला फांद्या उचलायला लावल्या. गुडघे दुखत होते, पण मन इतकं हलकं झालं होतं की तक्रार करायचंही सुचलं नाही.

मॅव्हिस खिडकीशी बसली होती. आमची पावलं ऐकून ओरडली, "दोन माणसं आहेत! एक बेरिल आहे आणि एक कोणीतरी लंगडा!"

चहा झाला. मी साक्षीची सगळी हकीकत रंगवून सांगितली, वेनेबल्सांचा आवाज काढून सांगितली. मॅव्हिस पोट धरधरून हसली. मग हसू आवरून बेरिलच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "एक सांग. तो म्हातारा नीट 'हो' म्हणाला असता, तर? तरी सांगितलं असतंस?"

"हो," बेरिल म्हणाली.

"मग वाट गेली असती."

"गेली असती."

"आणि कॉलिनने मला नेलं असतं."

"कोण नेतंय तुला! मी रस्त्याने आले असते. सकाळी निघायचं, दुपारपर्यंत पोचायचं."

"नऊ मैल आहेत, बये. लॉऱ्या आहेत."

"माहितेय मला."

"आणि परत कशी गेली असतीस?"

"परत कशाला जायचंय?" बेरिल सूप ढवळत म्हणाली. "राहिले असते इथेच. मी इथे असते तर कॉलिनने कशाला नेलं असतं तुला? हे साक्षीच्या आधीच ठरवलं होतं मी. बॅगही भरून ठेवली होती."

हे तिने मला सांगितलं नव्हतं. शेजारी असून मला पत्ता नव्हता, आणि मी मात्र मनातल्या मनात तिला दूषणं देत होतो. बाहेर बंधाऱ्यावरून पाणी पडत होतं. मॅव्हिसने हात पुढे करून टेबलावर चाचपत बेरिलचा हात शोधला आणि धरून ठेवला. बराच वेळ धरून ठेवला. सूप उतू जायला लागलं, ते मी उठून उतरवलं.

"माझ्याकडे पलंग एकच आहे," मॅव्हिस अखेर म्हणाली.

"लहानपणीही एकच होता."

"तू लाथा मारायचीस."

"तू पांघरूण ओढायचीस."

मॅव्हिसने नाक ओढलं, डोळे पुसले आणि आवाज कडक करून म्हणाली, "शुक्रवारी येशील तेव्हा तुझी उशी घेऊन ये. माझी मी कोणाला देत नाही."